विश्लेषण : प्रयोगशाळेतील उंदरांचे सामाईक घर कसे चालते?

नव्या लशीची किंवा औषधाची बातमी आली की ‘उंदरांवरील चाचणी यशस्वी’ हे वाक्य त्यात हमखास असते. पण हे उंदीर राहतात कुठे? प्रत्येक प्रयोगशाळेने आपापले उंदीर पाळण्याऐवजी अनेक संशोधकांसाठी एकच प्राणिगृह, अशी सोय आता रुळते आहे. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये असे एक राष्ट्रीय सुविधा केंद्र आहे. हैदराबादजवळ जीनोम व्हॅलीत ‘आयसीएमआर’चे केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले.

एकत्र कशासाठी?

उंदीर पाळणे म्हणजे पिंजरा आणि दाणापाणी एवढेच नव्हे. ठरावीक तापमान, बारा तास उजेड, बारा तास अंधार, तासाला दहा-पंधरा वेळा बदलणारी गाळलेली हवा, निर्जंतुक केलेला भुसा, पशुवैद्यक आणि वीज गेली तर लगेच सुरू होणारा जनरेटर, हे सगळे लागते. उंदरांना रविवारही नसतो. हा खर्च एका संशोधकाच्या अनुदानात बसणे कठीण. सामाईक केंद्रात तो पिंजऱ्यामागे रोजच्या दराने वाटला जातो. मादी साधारण २० दिवसांत विते, त्यामुळे पिंजरे भराभर वाढतात. दर लागू असला की नको असलेले पिंजरे कोणी अडवून ठेवत नाही.

मग अडचण कुठे?

एकाची चूक सर्वांना भोवते. ‘माऊस हेपेटायटिस’ हा विषाणू प्रौढ उंदरांत अनेकदा लक्षणेच दाखवत नाही, मात्र त्यांची रोगप्रतिकारशक्ती बदलतो. उंदीर धडधाकट दिसतो आणि प्रयोगाचे निष्कर्ष चुकतात. म्हणून बाहेरून आलेले उंदीर आधी विलगीकरणात ठेवतात. शिवाय काही ‘पहारेकरी’ उंदरांना इतर पिंजऱ्यांतल्या वापरलेल्या भुशावर ठेवून त्यांची ठरावीक काळाने तपासणी होते. घाईतल्या संशोधकाला हे जाचक वाटते. पण व्यवस्थापकाने इथे ‘नाही’ म्हणायलाच हवे, मग समोर कितीही ज्येष्ठ प्राध्यापक असो.

परवानगी कोण देते?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती (सीसीएसईए) आहे. तिच्याकडे केंद्राची नोंदणी लागते. प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे जातो. तिच्यात पशुवैद्यक, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरचा एक सदस्यही असतो. इतके उंदीर कशाला, पर्याय आहे का, वेदना कमी कशा करणार, हे तिथे विचारले जाते.

आग लागली तर?

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळा १९४७ च्या वणव्यात जळाली, हजारो उंदीर मेले. तिने पूर्वी जगभर वाटलेल्या जातींचे उंदीर इतर शास्त्रज्ञांनी परत पाठवले, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली. आता महत्त्वाच्या जातींचे भ्रूण आणि शुक्राणू द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवता येतात. त्यांना पिंजरा लागत नाही की खाद्य. फक्त टाकीतला नायट्रोजन वेळेवर भरणारा माणूस लागतो.