दार लावून घ्या हं!

"किती पॅक्स, मॅडम?"

फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि मी गडबडलेच. मला वाटलं, जेवण बांधून हवंय का असं विचारतेय. म्हटलं, "छे छे, पॅक नको, तिथंच बसून जेवायचंय." ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. नंतर वहिनींनी सांगितलं, हॉटेलवाल्यांच्या भाषेत 'पॅक्स' म्हणजे माणसं. आम्ही दहा पॅक्स होतो. आणि आम्हाला हवी होती पुण्याच्या कोरेगाव पार्कमधली एक प्रायव्हेट डायनिंग रूम!

आमच्यासारख्यांना हे कुठून सुचलं, असं वाटेल तुम्हाला. निमित्त होतं आईच्या पंच्याहत्तरीचं.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू ती सावरली. काठी घेऊन घरभर फिरते, बोलणं जड झालंय पण कळतं. राहिलं ते जेवण. घास उजव्या गालात साठतो, कधी ओघळतो. पातळ काही प्यायलं की ठसका लागतो. ताठ बसायचं, छोटे घास घ्यायचे, पातळ पदार्थ थोडे दाट करून द्यायचे, असं थेरपिस्टनं शिकवलंय. ते सगळं आम्ही करतो. पण तेव्हापासून आई कुणासमोर जेवत नाही. आमची पानं उठली की स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून बसते. जन्मभर सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवली. आता कारण बदललं, पण तिचं पान शेवटचं ते शेवटचंच.

लग्नाकार्याला जाणं तिनं बंद केलं. साताऱ्यात तर हॉटेलचं नावच काढायला नको. आई शाळेत शिक्षिका होती. कुठंही गेलं की "बाई, ओळखलंत का?" म्हणत कुणीतरी टेबलापाशी येणारच. एरवी तिला त्याचं केवढं कौतुक! आता तीच धास्ती.

"घरीच करू की पंच्याहत्तरी," दादा म्हणाला. तो खराडीला राहतो. आई म्हणाली, "घरी केलंत तर मी आतच बसेन." खरंच बसली असती. तेव्हा वहिनींनी सुचवलं, मोठ्या हॉटेलात वेगळी खोली मिळते, दार लावता येतं, आपली आपली माणसं. दादा उखडला. "म्हणजे आईला लपवून जेवायला घालायचं का?"

त्याचं ते वाक्य मला लागलं. कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. आमच्या लहानपणी गावातल्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, आठवतेय? मळका पडदा, रेक्झिनची बाकडी, आत कोंदट उकाडा. पुरुष बाहेर पंख्याखाली बसायचे, बायका-पोरं पडद्याआड. बाई चारचौघांत खाताना दिसू नये म्हणून ती सोय. आता जास्त पैसे मोजून आपण आईला पुन्हा पडद्याआड बसवतोय का?

शेवटी आईलाच विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दार खरंच लागतं का?"

झालं, मी फोन हातात घेतला.

कोरेगाव पार्क म्हणजे वडाच्या जुन्या झाडांच्या, नंबर दिलेल्या गल्ल्या. ओशो आश्रमामुळे जगभर नाव झालेला भाग. इथल्या कितीतरी जुन्या बंगल्यांची आता रेस्टॉरंटं झालीत. पहिल्या ठिकाणी त्या मुलीनं सांगितलं, खोलीचं भाडं नाही, पण 'मिनिमम बिलिंग' पंचवीस हजार. म्हणजे तुम्ही वरणभात खा नाहीतर उपाशी बसा, बिल तेवढं झालंच पाहिजे. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला आणि घटाघटा पाणी प्यायले.

दुसरीकडे दर परवडत होता. वहिनी मुद्दाम बघून आल्या, तर 'प्रायव्हेट' म्हणजे हॉलच्या मधोमध काचेची खोली. मत्स्यालयच ते! तिसरी खोली सुंदर, पण चौदा पायऱ्या चढून. लिफ्ट नाही. फोनवर मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

चौथ्या ठिकाणी मी धडा शिकून फोन केला. पायऱ्या किती? दार की पडदा? टॉयलेट किती लांब? पलीकडचा मॅनेजर इंग्रजीत उत्तरं देत होता, मी अडखळत होते. शेवटी म्हटलं, "हे बघा, माझ्या आईला अर्धांगवायू झालाय. तिला कुणी बघत नसताना जेवायचंय." तो क्षणभर थांबला आणि मराठीत म्हणाला, "ताई, शनिवार-रविवार सोडून दुपारी या. मिनिमम कमी करता येईल. आजींना काय काय चालतं, ते सांगा."

मंगळवारची दुपार ठरली. मिनिमम चौदा हजार, निम्मा अॅडव्हान्स. मी पदार्थ लिहूनच पाठवले. दाट सूप, मऊ खिचडी, कुस्करलेलं पनीर, मिठाईत कस्टर्ड. आणि शेवटी एक ओळ, 'वाढप्यानं दार वाजवून, थांबून मगच आत यावं.'

त्या दिवशी आईनं ठेवणीतली नारायणपेठी नेसली. खोली बागेच्या बाजूला होती, एकच पायरी. आई दाराकडे तोंड करून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "दार लावून घ्या हं!"

सूप आलं. कुणीच चमचा उचलेना. सगळे एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत होते, आईकडे न बघण्याचा आटापिटा चाललेला. आईनं डाव्या हातानं चमचा उचलला. अर्धं सूप पदरावरच्या रुमालावर. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात दादाचा सहा वर्षांचा नातू म्हणाला, "पणजी, तुझं सांडलं."

खोलीत एकदम शांतता.

आईनं त्याच्या शर्टाकडे बघितलं. "तुझं काय कमी सांडलंय?"

सगळ्यात आधी मावशी हसली, मग सगळेच. आईही. त्यानंतर ती वाटीभर खिचडी जेवली. ठसका लागला, थांबली, पुन्हा जेवली. दोन वर्षांनी मी तिला समोर बसून जेवताना बघत होते. दादा मान खाली घालून कस्टर्ड ढवळत होता. त्याचे डोळे भरलेले मला दिसले.

तरी मी तिला विचारलंच, "आई, फॅमिली रूमसारखं नाही ना वाटलं?"

"तिथं बसायला सांगायचे," ती म्हणाली. "इथं मी सांगितलं."

बिल आलं तेव्हा थोडी खळखळ झाली. दहा टक्के सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला. आमच्या दादाला संकोच, 'जाऊ दे गं' म्हणाला. मी जाऊ दिलं नाही. हा आकार आपणहून बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. शांतपणे सांगितलं, बिल बदलून मिळालं. त्या दार वाजवून येणाऱ्या मुलाच्या हातात मात्र आम्ही आपखुशीनं पैसे ठेवले.

परतताना शिरवळला चहाला थांबलो. आई एरवी गाडीतच बसते. त्या दिवशी म्हणाली, "मी पण उतरते." कोपऱ्यातल्या टेबलापाशी, भिंतीकडे तोंड करून बसली. चहा चमच्यानंच घेतला, तोही निम्माच. पण उतरली!

चौकट

खोली ठरवण्याआधी एवढं विचाराच

* खोलीचं भाडं आहे की मिनिमम बिलिंग? त्यात कर धरलाय की वेगळा? साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो. खोलीभाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या बड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के पडतो.
* दार आहे, पडदा आहे की काच? शक्य असेल तर कुणाला तरी बघायला पाठवा, नाहीतर फोटो मागवा.
* पायऱ्या, लिफ्ट, व्हीलचेअर, टॉयलेटचं अंतर.
* खोली किती तासांसाठी? आजारी माणसाला जेवायला वेळ लागतो.
* बाहेरचा केक किंवा पथ्याचं जेवण चालेल का?
* बेत रद्द झाला तर अॅडव्हान्स परत मिळेल का? ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या.
* सर्व्हिस चार्ज परस्पर लावला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि हो, 'पॅक्स' म्हणजे माणसं!