लहान आणि शांत संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड

मिनी-आयटीएक्स : 170 × 170 मिमीचा मदरबोर्ड. व्हिया कंपनीने 2001मध्ये आणला. कार्डासाठी स्लॉट एकच.

उंची : लो-प्रोफाइल कार्ड सुमारे 69 मिमी, पूर्ण उंचीचे सुमारे 111. लांबी आणि जाडी कॅबिनेटच्या तपशिलाशी ताडून पाहावी.

वीज : स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. त्यापुढे वेगळी केबल लागते : 6 पिनची 75, 8 पिनची 150 वॉट. वॉट वाढले की उष्णता वाढते, मग पंख्याचा आवाजही.

केबलशिवाय चालणारी :
- एएमडी आरएक्स 6400 : 53 वॉट. व्हिडिओ एन्कोडर नाही.
- एनव्हिडिया आरटीएक्स 3050, 6 जीबी : 70 वॉट. याच नावाचे 2022चे 8 जीबी कार्ड 130 वॉटचे, म्हणून खोक्यावरचा जीबीचा आकडा जरूर वाचावा. 6 जीबीच्या चिपवर पॅलिटचे पंखा नसलेले 'काल्मएक्स'ही आहे; त्याला कॅबिनेटमध्ये हवा खेळती लागते.

नेदरलँड्समध्ये : ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत 21 टक्के बीटीडब्ल्यू (मूल्यवर्धित कर) धरलेला असतो. ऑनलाइन खरेदी माल मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. कार्डाची बारीक शिट्टी, म्हणजे कॉइल व्हाइन, तपशीलपत्रात नसते. ती कार्ड घरी लावल्यावरच ऐकू येते, तेव्हा ही मुदत उपयोगी पडते.