दलाली हलाल आहे, पण गल्ला कोणाचा?

अमरावती-अकोल्याच्या बाजारात दलाली हा शब्द कोणालाही नवा नाही. कापसाचा दलाल, धान्याचा अडत्या, जागेचा दलाल, सुरतेच्या मालाचा एजंट ही सारी आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातली माणसे आहेत. माल दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा; आपण मध्ये गाठ घालून द्यायची आणि ठरलेली टक्केवारी घ्यायची. हाच धंदा आता मोबाईल आणि कॉम्प्युटरवर चालतो. इंग्रजीत त्याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी मुले दुकानावर बसायचे सोडून त्याच्या मागे लागली आहेत. माझा सख्खा भाचाही त्यांतलाच. त्याने काय कमावले आणि काय गमावले हे व्यापारी बांधवांपुढे ठेवावे, म्हणजे ज्यांच्या घरात हा विषय निघाला आहे त्यांना निर्णय घेणे सोपे जाईल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

धंदा चालतो कसा?

जुलै १९९६ मध्ये अमेरिकेतील ॲमेझॉन या ऑनलाइन दुकानाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तेव्हा ते दुकान पुस्तके विकत होते. कोणीही आपल्या वेबसाइटवर पुस्तकाची शिफारस करावी, सोबत दुकानाची लिंक द्यावी, त्या लिंकवरून गिऱ्हाईक आले आणि खरेदी झाली तर शिफारस करणाऱ्याला टक्केवारी मिळेल, असा करार होता. जून २०१३ मध्ये हे दुकान भारतात आले आणि ही पद्धतही येथे रुजली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यातील मुलांनाही हा धंदा दिसू लागला.

प्रत्येक दलालाच्या लिंकमध्ये त्याची खूण असते. गिऱ्हाईकाने लिंक दाबली की ती खूण ठरावीक वेळ टिकते. ॲमेझॉनमध्ये साधारण २४ तास. त्या वेळात माल घेतला तर दलाली, दुसऱ्या दिवशी आठवण होऊन घेतला तर काही नाही. माल परत गेला की दलालीही परत. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेल्या मालावर दलाली नाही. पैसे हातात येईपर्यंत जवळपास दोन महिने जातात. आपण कापडवाले साठ दिवसांच्या उधारीची तक्रार करतो. येथे ती उधारी करारातच लिहिलेली आहे.

आता हिशेब पाहू. समजा ८,००० रुपयांचा कूलर आहे आणि दलाली ४ टक्के आहे. एका कूलरमागे ३२० रुपये झाले. महिन्याला १५,००० रुपये हवे असतील तर ४७ कूलर विकले गेले पाहिजेत. शंभर पाहणाऱ्यांपैकी दोघे घेतात असे धरले तर महिन्यात २,३५० माणसे लिंक दाबणारी हवीत. दर २ टक्के झाला की तेवढ्याच पैशासाठी ९४ कूलर. मेहनत दुप्पट, कमाई तीच.

भाच्याची कहाणी

माझ्या बहिणीचे घर अकोल्यात, ताजनापेठेच्या बाजूला. तिच्या मुलाचे वडिलांच्या हातचे होजिअरीचे लहान दुकान होते. मुलगा बी. कॉम. झालेला, डोक्याने हुशार. २०१७ मध्ये त्याने कूलरवर हिंदीत वेबसाइट काढली. अकोल्याचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोणत्या मापाच्या खोलीला किती लिटरचा कूलर लागतो, वाळ्याची ताटी बरी की कागदी जाळीची, खारे पाणी असले तर पंप किती टिकतो, हे तो ओळखीच्या घरी जाऊन, थर्मामीटर लावून पाही आणि मग लिही. लोकांना ते पटले. २०१८ च्या उन्हाळ्यात एका महिन्यात त्याला २२,००० रुपये मिळाले. २०१९ च्या मे महिन्यात ५८,००० मिळाले.

त्या वर्षी तो अमरावतीला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, दुकानात काय ठेवलंय? दिवसभर बसून बनियान विकायचे आणि संध्याकाळी हजार रुपये मोजायचे!" मी म्हटले, "डिसेंबरात किती मिळाले ते सांग." तो हसला. डिसेंबरात चार हजार मिळाले होते. तरीही त्याने दुकान सोडले. पागडीचे पैसे आले, त्यातून दोन कॉम्प्युटर घेतले आणि दोन मुले पगारावर ठेवली.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ऑनलाइन दुकानांना फक्त जीवनावश्यक माल पोहोचवण्याची परवानगी होती. ऐन हंगामात कूलरची एकही गाडी हलली नाही. ते वर्ष कसेबसे गेले. मग एके दिवशी ज्या दुकानाची तो दलाली करीत असे त्यांची ईमेल आली की दर कमी केले आहेत. विचारणा नाही, मुदत नाही. मी त्याला म्हटले, करारनामा दाखव. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, करारनामा इंग्रजीत. त्याने वाचून अर्थ सांगितला. मालकाला दर केव्हाही बदलता येईल, खाते केव्हाही बंद करता येईल, असे त्यात साफ लिहिले होते. सही करताना भाच्याने तो वाचलाच नव्हता.

दर घटले म्हणून त्याने मालाची संख्या वाढवली. फ्रिज, मिक्सर, गादी, मोबाईल अशा ज्या वस्तू त्याने डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या त्यांच्याबद्दलही तो "आमच्या तपासणीत उत्तम" असे लिहू लागला. दोन वर्षे बरी गेली. २०२३ च्या शेवटी लोक ज्या शोधयंत्रातून त्याच्याकडे येत त्याने आपले नियम बदलले आणि त्याची पाने मागे ढकलली. हजारांनी येणारी माणसे डझनांवर आली. ज्या महिन्यात दोन मुलांचा पगार १६,००० द्यायचा होता त्या महिन्यात दलाली ३,१०० आली. बहिणीने बांगड्या काढून दिल्या. तेव्हा घरात खरी गोष्ट कळली.

हे वऱ्हाडाने आधी पाहिले आहे

भाच्याला वाटले की त्याच्यावरच आभाळ कोसळले. पण वऱ्हाडाच्या बाजाराने असे दिवस पूर्वीही पाहिले आहेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. युद्ध येथे कोणी सुरू केले नव्हते आणि थांबवलेही नव्हते.

पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस सरकारच घेणार असे ठरल्यावर कापसाच्या खाजगी अडत्यांचा आणि दलालांचा धंदा गेला. ज्यांच्याकडे दलालीशिवाय दुसरे काही नव्हते ते बसले. ज्यांनी सरकी, ढेप, किराणा, कापड असे काही जोडून ठेवले होते ते उभे राहिले. २०१६ मध्ये राज्य सरकारने बाजार समितीतील भाजीपाला आणि फळांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय केला, तेव्हाही अडत्यांची घडी विस्कटली.

परदेशातही हेच झाले. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील दर एकदम उतरवले. फर्निचर आणि घरसामानावरील ८ टक्क्यांचे ३ टक्के झाले, किराण्यावरील ५ चा १ टक्का झाला. ज्यांची सारी कमाई त्याच एका दुकानावर होती त्यांना एका आठवड्यात नवा हिशेब मांडावा लागला. दलालाचा दर मालक ठरवतो, हा जुना नियम आहे.

हलाल-हरामचा प्रश्न

काही बुजुर्ग विचारतात की ही कमाई जायज आहे का. दलालीची मजुरी घेण्यास हरकत नाही, असे जुन्या फकीहांनी सांगितले आहे. सहीह बुखारीत दलालीच्या मजुरीवर स्वतंत्र बाब आहे. मात्र अटी आहेत. मजुरी ठरलेली असावी, माल हलाल असावा आणि फसवणूक नसावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला सक्त ताकीद दिली, ही हदीस आपण सर्व जाणतो. न पाहिलेल्या फ्रिजला "तपासून पाहिला" म्हणणे ही ओल झाकण्याचीच रीत झाली. खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव चढवण्यासही मनाई आहे. पैसे देऊन खोटी स्तुती लिहून घेणे त्याहून वेगळे कसे म्हणावे?

आणखी एक सावधगिरी. जास्त दलाली बहुधा ज्या मालापासून दूर राहावे त्यावरच असते. व्याजाने कर्ज देणारी ॲप आणि पैसे लावून खेळायचे खेळ यांच्या जाहिराती मुलांना फार भुलवतात. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. म्हणजे दीनही गेला आणि तुरुंगाचीही भीती.

कायदाही खरे बोलायला सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शन दिले की शिफारशीमागे पैसा असेल तर तो गिऱ्हाईकाला साध्या भाषेत सांगावा. अमेरिकेत ईबे या दुकानाचा सर्वांत मोठा दलाल शॉन होगन याने लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप आपली खूण टाकून न केलेल्या विक्रीची दलाली उकळली. २०१४ मध्ये त्याला पाच महिन्यांची कैद झाली.

आधी पैसे मागणारा दलाल नव्हे

खरा दलालीचा धंदा शिरताना पैसे मागत नाही. २०१० च्या सुमारास स्पीक एशिया नावाच्या कंपनीने घरबसल्या सर्व्हे भरा आणि पैसे कमवा म्हणून ११,००० रुपये वर्गणी घेतली. लाखो लोक सभासद झाले आणि २०११ मध्ये सारे कोसळले. आज हाच प्रकार टेलिग्रामवर "टास्क" म्हणून चालतो. पहिल्या दिवशी दीडशे रुपये मिळतात, चौथ्या दिवशी पन्नास हजार भरायला सांगतात. सभासद जोडून पैसे मिळवण्याच्या साखळीवर डिसेंबर २०२१ च्या नियमांनीही बंदी आहे. कोणी फसला असेल तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

कराचेही लक्षात ठेवावे. दलालीतून कापला जाणारा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झाला. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातात. रकमा बँकेत दिसतात, म्हणून पहिल्या महिन्यापासून कीर्द लिहावी.

मग करावे काय?

भाचा माझ्याकडे दोन लाख मागायला आला. नवी वेबसाइट काढायची होती. मी एकच प्रश्न विचारला, "सहा वर्षांत तुझ्यामुळे किती कूलर गेले?" तो म्हणाला, "चार-पाच हजार तरी असतील." मी म्हटले, "त्यांतील दहा माणसांचे फोन नंबर दे." तो गप्प झाला. एकही नव्हता. गिऱ्हाईक त्याने आणले, नाव-पत्ता मात्र ऑनलाइन दुकानाच्या वहीत गेला. मी माझी खातेवही पुढे केली. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, बाळापूरची गिऱ्हाइके तीस वर्षांची. उधारी बुडते, भांडणे होतात, पण वही माझ्या पेटीत आहे.

दोन लाख मी दिले नाहीत. ८०,००० कर्जे-हसना दिले, कुरआनच्या हुकुमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतले. त्यातून त्याने अकोल्यात कूलरच्या सुट्या भागांचे दुकान टाकले. पंप, मोटार, ताटी, टाकी. जे त्याला खरोखर समजते तेच. न पाहिलेल्या वस्तूंची पाने त्याने वेबसाइटवरून काढून टाकली. आता लोक तेथे कूलरची माहिती वाचतात आणि मूर्तिजापूर-बाळापूरहून त्याच्याच दुकानात फोन करतात. दलाली अजूनही येते, कधी दोन हजार, कधी सात. तिला तो वरकड समजतो. माझे ३४,००० अजून यायचे आहेत आणि बहिणीच्या बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. पण पगारी मुलांपैकी एक त्याच्याकडे टिकून आहे आणि गल्ला रोज संध्याकाळी घरात मोजला जातो.

म्हणून माझी मुलांना विनंती आहे की हा धंदा जरूर करा, पण बापाचे दुकान सोडून नको. जे वापरले त्याचीच शिफारस करा. एकाच मालकावर विसंबू नका. आणि आलेल्या गिऱ्हाईकाचे नाव त्याच्या परवानगीने आपल्या वहीत लिहा. वडीलधाऱ्यांनाही विनंती आहे की मुलाला "मोबाईल फेक" म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसून करारनामा वाचून घ्या. माझ्या भाच्याच्या वेळी तो मी पहिल्याच दिवशी वाचून घेतला असता तर बांगड्या हातात राहिल्या असत्या. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.