कलावंतांच्या गावाला आधी सावली, पाणी आणि सातबारा

राजुरीहून आळेफाट्यावरून नारायणगावला गेले, की गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागलेल्या दिसतात. बाहेर फडांचे फलक, आत फडमालक, आणि जत्रेची सुपारी द्यायला आलेली गावोगावची मंडळी. म्हणूनच या गावाला तमाशापंढरी म्हणतात. पण वाचकहो, दसऱ्याला फड घेऊन निघालेल्या कलावंताचा संसार चैत्र-वैशाखापर्यंत ट्रकमध्ये आणि कापडाखाली असतो. दुपारी तापलेल्या तंबूत झोप येत नाही, आणि रात्री पुन्हा उभे राहायचेच असते. पोरांची शाळा तर वाटेतच सुटते.

हे कलावंत बहुतेक आपल्याच दलित-कष्टकरी घरांतले. आंबेडकरी जलसेही याच तमाशाच्या घाटातून उभे राहिले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतिपदक मिळाले, पण त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००२ साली त्या गेल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पदकाने मान मिळतो, डोक्यावर छप्पर येत नाही. म्हणून आम्ही विचारतो, राजुरी-बेल्ह्याकडच्या पट्ट्यात कलावंतांचे एक गावच का वसवू नये? पाऊस कमी, ऊन कडक, तरी तेथे माणूस सुखाने राहील असे गाव.

आराखडा शोधायला फार दूर जायला नको. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी ती कोरली. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत गारवा असतो, कारण जाड दगड दिवसाची उष्णता सहज आत येऊ देत नाही. लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठवायच्या पोढी खोदल्या आहेत. येथल्या शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची, म्हणजे संघांची, नावे येतात. एका लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची झाडे लावण्यासाठी २० निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. सावलीसाठी कायमची तरतूद करणारी माणसे आपल्याच तालुक्यात होऊन गेली!

आता घरांचे पाहू. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवावे, म्हणजे मावळतीचे ऊन आखूड भिंतीवर येते. त्या बाजूला करंज, कडुनिंब लावावा. भिंती काळ्या दगडाच्या, जाड असाव्यात. वर नुसता पत्रा नको. कौले घालावीत, आणि वरच्या अंगाला झरोके ठेवावेत, म्हणजे गरम हवा बाहेर जाईल. पुढे रुंद पडवी, मध्ये अंगण. तालीम पहाटे आणि दिवे लागल्यावर झाडाखालच्या ओट्यावर व्हावी. पाण्याचा हिशेबही सोपा आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६ हजार लिटर पाणी होते. थोडे वाया गेले तरी टाकी भरेल. दिव्यांसाठी सूर्याची वीज आहेच.

पण नुसत्या भिंती गार असून भागत नाही. इजिप्तमध्ये लक्सरजवळ हसन फाथी या वास्तुकाराने १९४६ च्या सुमारास न्यू गुर्ना हे गाव बांधायला घेतले. मातीच्या विटांच्या कमानदार छपरांची थंड घरे, नाट्यगृह, कारागिरांसाठी जागा, सारे होते. तरी ज्यांच्यासाठी बांधले, त्यांतले बहुतेक लोक आले नाहीत. त्यांना जुने गाव आणि तिथली रोजीरोटी सोडायची नव्हती. उलट, मद्रासजवळ चोलमंडल हे कलाग्राम १९६६ साली के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथे चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकल्या, पैसे जमवले आणि स्वतः जमीन घेतली. ते गाव टिकले. जमीन ज्याची, गावही त्याचेच, हा त्यातला धडा.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, आराखडा आखताना फडातल्या बायांना, ढोलकीवाल्यांना आणि तंबू ठोकणाऱ्या गड्यांना विचारावे. दुसरी, रंगमंचाआधी मुलांचे वसतिगृह आणि म्हाताऱ्या कलावंतांची घरे बांधावीत. तिसरी, सातबारा कलावंतांच्या सहकारी संस्थेच्या नावावर असावा. घरे त्यांची आणि ठेकेदारी दुसऱ्याची, असे होऊ नये.

आणि हे गाव गावकुसाबाहेर टाकलेली आणखी एक वस्ती होता कामा नये. रस्ता, शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्याशी ते जोडलेले हवे. पाहुण्यांनी खेळ पाहून निघून जावे आणि कलावंताने तापलेल्या पत्र्याखाली पडून राहावे, असे गाव आम्हाला नको.

ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जत्रा उजळल्या, तिला म्हातारपणी स्वतःच्या अंगणात करंजाच्या सावलीत बसता यावे. करंज वाढायला वर्षे लागतात. म्हणून घराचा पाया खणण्याआधी, येत्या पावसाळ्यातच झाडे लावावीत.