कुरवाच्या रक्तावरून प्रदूषणाचे अनुमान

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयावर हिवाळ्यात जे पाहुणे उतरतात, त्यांत मध्य आशियात वीण करणारे तपकिरी डोक्याचे कुरवही असतात. कुरव हा एरव्ही सागरकिनाऱ्याचा पक्षी. सागरपक्ष्यांच्या रक्तातील प्रथिनांवरून समुद्राच्या प्रदूषणाचा अंदाज घेण्याची पद्धत सोलापुरातही विचारार्ह ठरते ती यामुळेच. शिवाय पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे ज्या जलाशयात येते, त्याचेच पाणी सोलापूर शहर पिते.

पाण्यात कोणते द्रव्य किती आहे, हे रासायनिक परीक्षेने कळते. जीवावर त्याचा परिणाम काय झाला, हे कळण्यास रक्ताकडेच वळावे लागते. मात्र अशा प्रथिनांना ‘दर्शक’ म्हणताना हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकांची व्याप्तीची अट येथेही लागू आहे. उपासमारीत रक्तातील अल्ब्युमिन घटते, आणि दूरचा प्रवास करून आलेला पक्षी उपाशी असणे स्वाभाविकच होय. दाह झाला असता वाढणारी प्रथिने साध्या जखमेनेही वाढतात. असे लिंग व्यभिचारीच म्हटले पाहिजे.

शिशाच्या बाबतीत स्थिती अधिक आशादायक आहे. तांबड्या पेशींतील ‘अलाड’ हे विकर हीम तयार होण्याच्या क्रमात कार्य करते व जस्तावर अवलंबून असते. शिसे जस्ताची जागा बळकावते आणि विकर मंदावते. परंतु विकराची मूळ क्रियाशीलताच पक्ष्यापक्ष्यांत भिन्न असल्याने केवळ मंद क्रियेवरून निष्कर्ष काढता येत नाही. यास्तव एकाच रक्ताचे दोन भाग करतात. एका भागात क्रिया आहे तशी मोजतात. दुसऱ्यात जस्तादी द्रव्ये घालून विकर पुन्हा चेतवतात व मग मोजतात. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितका शिशाचा संशय बळावतो. तुलनेसाठी दुसरा निरोगी पक्षी शोधावा लागत नाही, हे या युक्तीचे खरे बळ. काही कीटकनाशकांनी निष्क्रिय झालेल्या कोलिनएस्टरेजचीही परीक्षा याच धर्तीवर होते.

तरीही ते शिसे उजनीचेच कशावरून? पक्ष्याच्या तांबड्या पेशी साधारण महिना-दीड महिना टिकतात. तेव्हा नुकत्याच आलेल्या कुरवाचे रक्त वाटेतल्या पाण्याची साक्ष देईल; परतीपूर्वी घेतलेले रक्त प्राधान्याने उजनीची. पहिला नमुना हाताशी नसेल, तर दुसऱ्यावरून जलाशयाला दोष देणे घाईचे ठरेल.