मोडलेल्या पायाचा घोडा

शर्यतीच्या घोड्याचा पाय मोडला कीं त्यास गोळी घालतात, हें तुम्हीं ऐकलें असेल. एकदां वर्गांत एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, माणसाचा पाय प्लास्टरांत बसवितात, मग घोड्याचाच कां नाहीं?” प्रश्न रास्त होता.

घोड्याचें वजन सुमारें 500 किलो. तें पेलणाऱ्या पायांत गुडघ्याखालीं मांस जवळजवळ नसतेंच. हाडें, बळकट शिरा व कातडें एवढाच काय तो ऐवज. तेथील हाड वेगांत मोडलें म्हणजे पुष्कळदां त्याचा चुराच होतो, आणि रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यानें तें लवकर सांधत नाहीं. बरें, त्यास माणसाप्रमाणें महिनाभर निजवून ठेवावें, तर स्वतःच्याच भारानें त्याचीं फुप्फुसें व स्नायू दबतात. उभें ठेवावें, तर दुखरा पाय उचलून तो सारा भार जोडीच्या पायावर टाकतो, आणि त्या धडधाकट पायाच्या खुरांतील नाजूक पापुद्रे सुजून सुटूं लागतात. मूळ दुखण्यांतून वांचलेले कित्येक घोडे ह्या दुसऱ्या रोगानें जातात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येतांना जनावर घाबरून धडपडलें, तर नुकतेंच जोडलेलें हाड पुन्हां मोडतें. गोळी घालीत ती दयेपोटींच.

तरीही मिल रीफ नांवाचा एक घोडा ह्यांतून उठला. तो 1968 सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत पॉल मेलन यांच्या पागेंत जन्मला व इंग्लंडांत इयान बॉल्डिंग यांच्या हाताखालीं तयार झाला. अंगानें लहानखुरा; पण 1971 मध्यें त्यानें एप्समची डर्बी आणि पॅरिसची आर्क द त्रिओंफ ह्या दोन्ही शर्यती मारल्या. एकंदर 14 शर्यतींपैकीं 12 शर्यतींत पहिला, दोहोंत दुसरा! (शर्यतीवर पैसे लावण्याची भलामण मी मुळींच करीत नाहीं, पण त्यांत घोड्याचा काय दोष?) पुढें 30 ऑगस्ट 1972 रोजीं, रोजच्या सरावांत धांवतांना, त्याचा पुढचा डावा पाय मोडला.

मालक धनाढ्य होता. सामान्य घोड्यासाठीं एवढा खर्च कोणी करीत नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. निष्णात पशुवैद्यांनीं हाड जोडून पाय प्लास्टरांत घातला. परंतु वैद्याचें कसब एकटें पुरलें नसतें. जातिवंत शर्यतीचे घोडे बहुधा तापट असतात. हा मात्र शांत होता. जड, ताठर पाय सांभाळीत तो तबेल्यांत निमूट राहिला, आणि हाडास सांधण्याची सवड मिळाली.

धांवणें तर कायमचें संपलें. मग त्यास न्यूमार्केटच्या राष्ट्रीय पागेंत पैदाशीसाठीं ठेविलें. अपघातानें मोडलेलें हाड संततींत उतरत नाहीं, अंगचा वेग मात्र उतरूं शकतो. म्हणून ह्या कामीं त्याचा अधूपणा आड आला नाहीं. 1978 सालीं त्याच्या शर्ली हाइट्स ह्या पुत्रानें एप्समची डर्बी जिंकली, तर अकामास ह्या दुसऱ्यानें फ्रान्सची. 1985 मध्यें शर्ली हाइट्सचा पुत्र स्लिप अँकर हाही एप्समला पहिला आला. म्हणजे आजा, बाप व नातू तिघांनीं एकच शर्यत मारली. मिल रीफ 1986 मध्यें वारला. दुसऱ्याच वर्षीं एप्समची डर्बी पुन्हां त्याच्याच एका पुत्रानें जिंकली. त्याचें नांव रेफरन्स पॉइंट.