अबोला मुलांनाही ऐकू येतो

‘मुलांसमोर भांडू नये’ हा उपदेश प्रत्येक तरुण दांपत्याला वडीलधाऱ्यांकडून मिळतो. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि अनेक सुसंस्कृत घरांत तो निष्ठेने पाळलाही जातो. तेथे आवाज चढत नाही, दार आपटले जात नाही. मात्र भांडणाची जागा अबोला घेतो. पान वाढले जाते, पण वाढणारी आणि जेवणारा एकमेकांकडे पाहत नाहीत. सहा-सात वर्षांचे मूल दोघांमधला निरोप्या होते. ‘बाबांना सांग, जेवायला वाढलंय.’ ‘आईला सांग, मला आज उशीर होईल.’ मुलांना काही कळले नाही, अशी आईवडिलांची समजूत असते. प्रत्यक्षात मुलाला सगळे कळलेले असते. न कळलेली गोष्ट एकच, ती म्हणजे हे केव्हा आणि कसे संपणार.

लहान मुलांना घरातील ताण उमगतो, याचे पुरावे जुने आहेत. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मातांना आपल्या एक ते अडीच वर्षांच्या मुलांच्या वागण्याच्या नोंदी ठेवण्यास शिकवण्यात आले होते. घरातील दोन मोठी माणसे रागावली, की राग मुलावर नसतानाही ते अस्वस्थ होई, असे त्या नोंदींतून दिसून आले. त्याआधी १९७८ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आणखी लहान बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. बाळाशी हसतखेळत असलेली आई अचानक चेहरा निर्विकार करून थोडा वेळ गप्प राही. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला पुन्हा बोलते करू पाही आणि यश आले नाही, की मान फिरवून घेई. बाळावर कोणी ओरडले नव्हते. समोरच्या माणसाने दिलेला प्रतिसाद तेवढा थांबला होता.

ताण येतो कोठून?

मुलाच्या आगमनाने घर आनंदाने भरते, हे खरेच. त्याच आगमनाने पती-पत्नीच्या नात्याची घडी विस्कटते, हेही तितकेच खरे. समाजशास्त्रज्ञ ई. ई. लेमास्टर्स यांनी १९५७ साली पहिले मूल झालेल्या ४६ अमेरिकी जोडप्यांच्या मुलाखतींचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ३८ जोडप्यांनी तो काळ मोठ्या किंवा तीव्र संकटाचा होता, असे सांगितले होते. ही जोडपी सुस्थितीतील, मूल हवे असलेली होती. अपुरी झोप, वाढलेला खर्च आणि एकमेकांसाठी न उरणारा वेळ, या साध्या कारणांनीच ती जेरीस आली होती.

महाराष्ट्रातील घरांत या ताणाला आणखी एक पदर आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. सव्वा महिना, कधी तीन महिने, सून आपल्या आईजवळ असते. तिला विश्रांती मिळते, मायेची माणसे मिळतात. या रीतीचे मोल मोठे आहे. परंतु याच काळात बाळाचे रडणे ओळखणे, त्याला न्हाऊ घालणे, रात्री थोपटून निजवणे हे सगळे ती शिकत असते आणि बाळाचा बाप रविवारी येणारा पाहुणा असतो. ती परत येते तेव्हा एक जण बाळाच्या कामात तरबेज झालेला असतो आणि दुसरा नवखा. त्याने दुपटे चुकीचे गुंडाळले, की ती त्याच्या हातून काढून घेते. दोन-तीनदा असे झाले, की तो पुढे होणेच सोडून देतो. वर्षभराने तिची तक्रार असते की तो काही करत नाही, आणि त्याची तक्रार असते की ती काही करू देत नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

कामाची विभागणीही मुळातच विषम आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्क्यांहून अधिक जणी दिवसभरात काही ना काही घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. दुकान किंवा पेढी सांभाळणारा पती रात्री साडेनऊला घरी येतो, तेव्हा तोही थकलेलाच असतो. पण त्याच्या थकव्याला घरात नाव असते, मान असतो. तिचा थकवा मात्र ‘घरीच तर असतेस’ या एका वाक्यात पुसला जातो.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबांमुळे मूल सांभाळण्याचा भार हलका होतो. मात्र तेथे दांपत्याला मोकळेपणाने मतभेद मांडायला जागा नसते. खालच्या आवाजात सुरू झालेला वाद अर्ध्यावर सोडावा लागतो. विभक्त कुटुंबात बोलायला जागा असते, पण बाळाला तासभर सांभाळणारे कोणी नसते. दोन्हीकडे परिणाम सारखाच होतो. न बोललेले साठत जाते आणि ते भलत्याच ठिकाणी बाहेर पडते. पतीवरचा राग मुलाच्या गृहपाठावर निघतो. पत्नीशी बोलणे टाळणारा बाप हळूहळू मुलाशीही कमी बोलू लागतो. आईने नाही म्हटलेली वस्तू बाबा आणून देतात आणि घरात कोणाकडून काय मिळते, याचा हिशेब मूल अचूक शिकते.

समेट दिसला पाहिजे

मतभेद टाळणे कोणत्याच घराला शक्य नाही. तेव्हा मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न मतभेदाच्या शेवटाचा आहे. नोटर डेम विद्यापीठातील मार्क कमिंग्ज यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले. मुलांना मोठ्या माणसांचे वाद दाखवून त्यांची प्रतिक्रिया पाहिली असता, वाद अर्धवट सुटला की मुलांची अस्वस्थता सर्वाधिक असे. तो मनापासून मिटलेला दिसला, की ती पुष्कळ कमी होई. बंद दाराआड मिटलेल्या वादाचाही, तो मिटला हे मुलांना कळले तर, उपयोग होत असे. न बोलता दाखवलेला राग मात्र मुलांना बोलून दाखवलेल्या रागासारखाच त्रास देई.

बहुतेक घरांत याच्या नेमके उलट घडते. खटका मुलांसमोर उडतो आणि समेट रात्री मुले निजल्यावर होतो. मुलाच्या वाट्याला कथेचा पूर्वार्ध तेवढा येतो. उत्तरार्ध ते कल्पनेने रचते आणि त्या कल्पनेत दोष बहुधा स्वतःकडेच घेते. सकाळी ‘काल आमचं बिनसलं होतं. मी जास्त बोललो. आता आमचं ठरलंय’ एवढी तीन वाक्ये आईच्या देखत बाबांनी उच्चारली, तरी त्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. भांडणाचा तपशील त्याला सांगण्याची गरज नाही. निरोप्याच्या कामातून मात्र त्याला कायमचे मुक्त केले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील फिलिप आणि कॅरोलिन कोवन या संशोधक दांपत्याचा अनुभव येथे उपयोगी ठरतो. पहिले मूल शाळेत जाऊ लागलेल्या जोडप्यांचे त्यांनी चर्चागट चालवले. काही गटांत भर संगोपनावर होता, काहींत पती-पत्नीच्या नात्यावर. पहिल्या प्रकारात संगोपन सुधारले, पण नाते होते तेथेच राहिले. दुसऱ्या प्रकारात नातेही सुधारले आणि संगोपनही. मुलांसाठी सर्व काही करणाऱ्या आणि एकमेकांसाठी वेळ नसलेल्या आईवडिलांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुले निजल्यावर रोज पंधरा मिनिटे, मोबाइल बाजूला ठेवून, मुलांचा विषय सोडून बोलणे. आठवड्याची कामे रविवारी एकत्र बसून वाटून घेणे. आणि दुसऱ्याने त्याच्या पद्धतीने केलेले काम पुन्हा न करणे, या गोष्टींना पैसा लागत नाही.

क्षमा मागण्याची परंपरा असलेल्या समाजाला तर हे अवघड वाटू नये. संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी दूरच्या नातेवाइकांना, व्यापारातील ओळखीच्यांना आवर्जून क्षमायाचना कळवली जाते. वर्षभर सर्वाधिक दुखावलेली व्यक्ती याच घरात, दोन हातांवर असते. तिला तो शब्द बहुधा गृहीत धरला जातो. पती-पत्नींनी परस्परांची आणि आईवडिलांनी मुलांचीही क्षमा मागितली, तर तो दिवस मुलांना पाठ केलेल्या शब्दांपलीकडे समजेल.

एक भेद मात्र स्पष्ट ठेवला पाहिजे. जेथे मारहाण, धमकी किंवा सततचा अपमान आहे, तेथे तो प्रश्न मतभेदाचा उरत नाही आणि समजुतीने घेण्याचा उपदेश तेथे घातक ठरतो. अशा स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे आणि १८१ या क्रमांकावर मदत मिळते. प्रसूतीनंतर आठवडे उलटूनही उदासी, निद्रानाश, बाळाविषयी अलिप्तता टिकून राहिली, तर तो आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही शासनाची टेलिमानस सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

उरलेल्या असंख्य साध्या, सुखवस्तू, थकलेल्या घरांना एवढेच पुरे आहे, की रुसलेल्या माणसाने आधी बोलावे आणि ते मुलांच्या कानावर पडावे. आज जेवणाच्या पानावर बसलेले हे मूल आणखी वीस-पंचवीस वर्षांनी स्वतःचा संसार मांडेल. तेव्हा रागावल्यानंतर पहिला शब्द कसा बोलायचा, हे त्याला ठाऊक असेल की नाही, याची तयारी याच घरात होत असते.